पाश्चात्त्य स्वरलिपीतील भावखुणा कशा वाचाव्यात

गोव्यात पेटी, भजन आणि नाट्यसंगीत ऐकत वाढलेला विद्यार्थी व्हायोलिन किंवा पियानो शिकू लागला, की पाच रेषांवरचे स्वर त्याला दोन-तीन महिन्यांत वाचता येऊ लागतात, कारण सा-रे-ग-म त्याच्या गळ्यात आधीच असते आणि मात्रा मोजण्याची सवय त्याला टाळ हातात धरल्यापासून असते. तो अडतो ते स्वरांभोवती पेरलेल्या इतर खुणांपाशी. वरच्या बाजूला इटालियन शब्द असतात, खाली तिरकी अक्षरे असतात, स्वरांवरून कमानी जातात, मध्येच ठिपके, आडव्या रेघा आणि टोकदार कोन दिसतात. फोंड्याच्या परिसरातील मुलांना मी व्हायोलिन शिकवतो, आणि त्यांपैकी बहुतेकजण सुरुवातीला मला एकच गोष्ट सांगतात: "सर, आधी सूर बसवतो, मग हे बाकीचं घालतो." हा लेख त्या वाक्याला दिलेले सविस्तर उत्तर आहे.

सूर आधी आणि भाव नंतर, हा क्रम व्हायोलिनवर चालत नाही. कमानीखाली चार स्वर असतील तर ते चारही गजाच्या एकाच ओढीत यायला हवेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला गजाचा पाव भाग येतो. तेच चार स्वर कमानीशिवाय असतील तर प्रत्येक स्वराला गज दिशा बदलतो. हळू आवाजाच्या जागी गजाचे टोक सोयीचे असते, तर जोराच्या जागी मुठीजवळचा भाग. ज्याने महिनाभर खुणा वगळून सराव केला, त्याच्या हाताला महिनाभर चुकीचा गज बसलेला असतो आणि तो सोडवायला पुढचा महिना जातो. पियानोवर हीच गोष्ट बोटांच्या क्रमाला लागू पडते आणि गायनात श्वासाला. म्हणून खुणा पहिल्या दिवसापासून, सुरांबरोबरच वाचायच्या असतात.

पेन्सिल घेऊन पहिले वाचन

वाद्य पेटीतून काढण्याआधी स्वरपत्र टेबलावर ठेवून ते आरंभापासून शेवटपर्यंत डोळ्यांनी वाचावे. हातात पेन्सिल असावी, पेन नको, कारण यातले निम्मे निर्णय पुढे बदलणार असतात. पहिल्या ओळीच्या डाव्या टोकाला, पाच रेषांच्या वर लिहिलेला शब्द लय सांगतो. तो आधी पाहावा आणि पुढे ही लय कुठे कुठे बदलते त्या जागांवर उभी खूण करावी. त्यानंतर संपूर्ण रचनेतील सर्वांत मोठ्या आवाजाची जागा आणि सर्वांत हळू आवाजाची जागा शोधून त्या दोहोंना गोल करावे. हे दोन गोल माझ्या मते पहिल्या वाचनातील सर्वांत उपयोगाचे काम आहे. रचना कुठे जायला निघाली आहे हे त्यांतून कळते, आणि मधल्या प्रत्येक खुणेचा अर्थ त्या दोन टोकांच्या संदर्भातच ठरतो.

न कळलेल्या शब्दांचा अर्थ त्यांच्या डोक्यावर मराठीतच लिहावा. शब्दांची संख्या पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण बरेचसे शब्द थोड्या सुट्या भागांपासून बनतात. पोको म्हणजे थोडे, मोल्तो म्हणजे खूप, पिऊ म्हणजे अधिक, मेनो म्हणजे कमी, सेम्प्रे म्हणजे सतत, सुबिटो म्हणजे एकदम, कॉन म्हणजे सह, सेंझा म्हणजे विना, पोको आ पोको म्हणजे थोडे-थोडे करत आणि मा नॉन त्रोप्पो म्हणजे 'पण फार नको'. मोस्सो म्हणजे गतिमान एवढे ठाऊक असले की पिऊ मोस्सो आणि मेनो मोस्सो हे दोन्ही निर्देश शब्दकोश न उघडता उलगडतात. ज्यांच्या घरात थोडीफार पोर्तुगीज अजून कानावर पडते त्यांना यांतले काही शब्द लगेच ओळखीचे वाटतील, कारण दोन्ही भाषा लॅटिनच्याच लेकी आहेत.

लयीचे शब्द

लार्गो, अदाजिओ, अंदांते, मॉडेराटो, अलेग्रो, प्रेस्टो हा क्रम संथापासून द्रुताकडे जातो. मात्र हे शब्द मुळात वेगाची नावे नाहीत. लार्गो म्हणजे विस्तीर्ण, अदाजिओ म्हणजे निवांतपणे, अंदांते म्हणजे चालत असलेले आणि अलेग्रो म्हणजे आनंदी. मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्रावर, अंदांतेसमोर साधारण 76 ते 108 आणि अलेग्रोसमोर 120 ते 168 असे आकडे छापलेले असतात. ते मिनिटातील ठोक्यांचे आकडे आहेत आणि सुरुवातीला आधार म्हणून चांगले आहेत. परंतु 76 आणि 108 यांच्यातील अंतर एवढे मोठे आहे, की नेमकी जागा रचनेतील सर्वांत लहान स्वर पाहूनच ठरवावी लागते. जी गती धरली असता सर्वांत जलद ओळ स्पष्ट वाजते आणि सर्वांत लांब स्वर मरगळत नाही, ती गती घ्यावी.

मेट्रोनोमचे पेटंट योहान मेल्त्सेल यांनी 1815 मध्ये घेतले, आणि बेथोव्हन यांनी 1817 मध्ये आपल्या पहिल्या आठ सिंफनींसाठी आकडे प्रसिद्ध केले. मेट्रोनोम येण्याआधीच निधन पावलेल्या संगीतकाराच्या रचनेवर दिसणारा आकडा त्याचा स्वतःचा असू शकत नाही. तो नंतरच्या संपादकाने घातलेला असतो, आणि त्याला तेवढेच वजन द्यावे.

आपल्या कानाची इथे एक वेगळी अडचण होते. अतिविलंबित एकतालातील एक आवर्तन जवळपास मिनिटभर चालताना ज्याने ऐकले आहे, त्याला अदाजिओ संथ वाटतच नाही, आणि तो नकळत ते आणखी ताणतो. विलंबित ख्यालात दोन मात्रांमधली जागा गायक भरत असतो आणि तबलजी ठेक्याने ती सांभाळत असतो. पाश्चात्त्य संथ रचनेत ती जागा भरायला लिहिलेल्या स्वरांखेरीज काही नसते. त्यामुळे गती फार ओढली की स्वरवाक्य मधूनच तुटते. ते वाक्य एकदा गाऊन पाहावे. एका श्वासात पुरे होत नसेल तर गती बहुधा वाजवीपेक्षा कमी आहे.

हळू आणि मोठा आवाज

पाच रेषांखालची तिरकी अक्षरे आवाजाचे प्रमाण सांगतात. 'पी' म्हणजे पियानो, हळू; 'एफ' म्हणजे फोर्टे, जोरात; 'एम' पुढे लागला की मेझो, म्हणजे मध्यम; आणि अक्षर दुहेरी झाले की ती गोष्ट आणखी तीव्र. व्हेनिसच्या जोव्हानी गाब्रिएली यांनी 1597 मध्ये छापलेल्या एका वाद्यरचनेत हळू आणि जोरात अशा स्पष्ट सूचना आहेत. छापील संगीतातील अशा सूचनांच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत ती गणली जाते. पियानो या वाद्याचे नावही याच दोन शब्दांवरून आले. फ्लोरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी 1700 च्या सुमारास जे वाद्य बनवले, त्याचे वेगळेपण हेच होते की पट्टी दाबण्याच्या जोरावर आवाज लहानमोठा होत असे.

या अक्षरांना ठरावीक माप नाही. म्हणून विद्यार्थ्याने आधी स्वतःची शिडी तयार करावी. खोलीच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत जेमतेम पोहोचणारा पण सूर न सोडणारा आवाज, ही खालची पायरी. गज खरखरत नाही किंवा गळा चिरकत नाही असा सर्वांत मोठा आवाज, ही वरची पायरी. या दोहोंमध्ये ऐकणाऱ्याला वेगळ्या कळतील अशा चार पायऱ्या बसवाव्यात. त्यासाठी एकच लांब सा पुरतो. ज्यांनी पेटी वाजवली आहे त्यांना हे लवकर साधते, कारण भात्यावरच्या हाताने वाऱ्याचा दाब वाढवणे आणि सोडणे त्यांनी आधीच केलेले असते. गजावर तेच काम वेग, दाब आणि तारेवरची जागा या तिघांत वाटले जाते.

समूहात वाजवताना आणखी एक विवेक लागतो. संगीतकार पुष्कळदा सर्व वाद्यांना एकच 'एफ' लिहितो, परंतु मुख्य चाल ज्याच्याकडे आहे त्याचा फोर्टे आणि जो केवळ साथ करतो आहे त्याचा फोर्टे सारखा असून चालत नाही. तबल्याची साथ गायकाला झाकत नाही, हे ज्याला कळते त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. आपल्या ओळीत चाल आहे की साथ, हे प्रत्येक पानावर पेन्सिलने लिहून ठेवावे.

आता क्रेशेंडो. उजवीकडे उघडत जाणारा लांबट कोन किंवा त्या शब्दाचे संक्षिप्त रूप दिसले, की आवाज वाढवत न्यायचा असतो. शब्दाचा अर्थ 'वाढत जाणारे' असा आहे, आणि म्हणूनच तो जिथे लिहिलेला आहे त्या जागी आवाज अजून हळूच असतो. मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना नाताळच्या एका कार्यक्रमात व्हायोलिनच्या दुसऱ्या रांगेत बसलो होतो. आठ बारांचा (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला ठरावीक मात्रांचा भाग) क्रेशेंडो होता आणि आम्ही शब्द पाहताच दुसऱ्या बारात फोर्टेवर पोहोचलो. उरलेले सहा बार आमच्याकडे वाढवायला काहीही नव्हते, आणि रचनेचा जो क्षण सर्वांत उंच व्हायचा होता तो सपाट गेला. त्या संध्याकाळचे मला अजून वाईट वाटते. तेव्हापासून मी प्रत्येक लांब क्रेशेंडोवर पायऱ्या लिहितो: पहिल्या चार बारांत जवळजवळ काही नाही, पाचव्या-सहाव्यात एक पायरी, सातव्यात दुसरी आणि आठव्यात उरलेले सर्व. डिमिनुएंडो, म्हणजे मिटत जाणारा कोन, याच पद्धतीने उलट लिहावा.

कोन संपल्यावर काय लिहिले आहे हे नेहमी पाहावे. पुढे 'एफ' असेल तर वाढ तिथे पोहोचते. काहीच लिहिलेले नसेल आणि उघडणाऱ्या कोनाला लागूनच मिटणारा कोन असेल, तर ती फक्त छोटी भरती-ओहोटी असते आणि मूळ पायरीवरच परत यायचे असते. पुढे अचानक 'पी' असेल तर शेवटच्या स्वरापर्यंत वाढत जाऊन मग एकदम खाली उतरायचे असते. घाईने आधीच मऊ होणारा वादक तिथला सारा ताण वाया घालवतो. अशा टोकाच्या विरोधाचे प्रसिद्ध उदाहरण चायकोव्हस्की यांच्या सहाव्या सिंफनीत आहे. 1893 मध्ये पहिल्यांदा सादर झालेल्या या रचनेच्या पहिल्या भागात बासून या फुंकून वाजवायच्या वाद्याला सहा वेळा 'पी' लिहिलेला आहे, म्हणजे जवळजवळ ऐकू न येण्याइतका हळू, आणि लगेच संपूर्ण वाद्यवृंद दुहेरी 'एफ'मध्ये कोसळतो. ते सहा 'पी' मोजायचे नसतात. संगीतकाराला श्रोत्यांचा श्वास रोखून धरायचा आहे, एवढे त्यावरून समजायचे.

कमान आणि ठिपका

आपल्या विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त गल्लत इथे होते, आणि तिचे कारण त्यांच्या अज्ञानात शोधू नये, कारण ते त्यांच्या ज्ञानात असते. भातखंडे स्वरलिपीत स्वराच्या डोक्यावरचा ठिपका तार सप्तक दाखवतो आणि खालचा ठिपका मंद्र सप्तक. स्वरांवरून जाणारी कमान मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, सांगते, तर स्वरांखालची कमान ते स्वर एका मात्रेत घ्यायला सांगते. पाच रेषांच्या लिपीत हेच आकार संपूर्ण वेगळ्या कामाला लावलेले आहेत. सप्तक तिथे रेषेवरच्या जागेवरूनच कळते, म्हणून ठिपका मोकळा राहतो.

स्वराच्या वर किंवा खाली असलेला ठिपका स्टॅकाटो दाखवतो. तो वर आहे की खाली, याला अर्थ नाही; दांडी वर गेली असेल तर ठिपका सहसा खाली बसतो, एवढेच. स्टॅकाटो म्हणजे स्वर तोडून घेणे: लिहिलेल्या कालावधीच्या सुमारे निम्मा काळ आवाज आणि उरलेला काळ शांतता. पुढचा स्वर आपल्या ठरलेल्या क्षणीच यायला हवा, त्यामुळे लय पळत नाही, आणि ठिपक्यात जोराची सूचनाही नसते. स्वराच्या उजव्या बाजूला, त्याच्या शेजारी असलेला ठिपका मात्र याच्या अगदी उलट काम करतो. तो कालावधी निम्म्याने वाढवतो. डोक्यावरचा ठिपका तोडतो आणि शेजारचा लांबवतो, हे पहिल्याच आठवड्यात पक्के करावे.

ठिपक्याऐवजी छोटी आडवी रेघ असेल तर तो टेनुटो, म्हणजे स्वर त्याच्या पूर्ण लांबीपर्यंत धरून ठेवणे, आणि पुष्कळदा त्याला किंचित वजन देणे. कमानीखाली ठिपके असतील तर स्वर एकाच गजात पण प्रत्येकी हलकेसे वेगळे घ्यायचे असतात. गज थांबत-थांबत पुढे जातो.

कमानीचे तीन अर्थ असतात आणि ते ओळखण्याची रीत सोपी आहे. शेजारच्या दोन एकाच उंचीच्या स्वरांना जोडणारी कमान असेल तर दुसरा स्वर पुन्हा वाजवायचा नसतो, दोन्हींची लांबी मिळवायची असते. वेगवेगळ्या स्वरांवरून जाणारी बेताची कमान लेगाटो सांगते: व्हायोलिनवर एका गजात, पियानोवर बोट उचलण्याआधी पुढची पट्टी दाबून, आणि गायनात एका अक्षरावर. गोव्यातील चर्चमध्ये लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या, काळात लॅटिन मोतेत (धार्मिक गीते) गाणाऱ्यांना हा शेवटचा अर्थ रोजच्या सरावातला असतो. तिसरी कमान फार लांब असते, चार-चार किंवा आठ-आठ बारांची. एवढे स्वर एका गजात मावत नाहीत. तिथे कमान वाक्याची सुरुवात आणि शेवट दाखवते, आणि गज बदलावा लागला तरी तो ऐकू येऊ नये अशी अपेक्षा असते.

यांपैकी कोणतीही कमान मींड नाही, हे मला प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पुन्हा सांगावे लागते. लेगाटोमध्ये एक स्वर संपतो तिथे दुसरा सुरू होतो, पण मधल्या श्रुती ऐकू येत नाहीत. घसरत जायचे असेल तर दोन स्वरांमध्ये सरळ तिरकी रेघ काढतात. कणस्वराशी मात्र खरे नाते आहे: लहान आकारात, दांडीवर तिरका काप देऊन लिहिलेला स्वर मुख्य स्वराला झटकन स्पर्श करून निघून जातो, जसा आपला कण. काप नसलेला लहान स्वर अठराव्या शतकातील संगीतात वेगळा असतो. तो मुख्य स्वराचा बहुधा निम्मा वेळ घेतो आणि त्यावरच वजन पडते.

आपली चाल या लिपीत उतरवणे किती अवघड आहे, हे गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात जवळून अनुभवले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्यांच्यासारख्या वाद्यवृंदरचनाकारांना तोंडी सांगितलेली चाल मोठ्या वादकसमूहासाठी कागदावर मांडावी लागे. एकट्या वादकाची मींड त्याच्या मनाप्रमाणे जाते, परंतु वीस व्हायोलिन एकाच वेळी, एकाच जागी घसरायचे असतील तर रेघ कुठे सुरू होते आणि गज कुठे बदलतो हे लिहावेच लागते. ज्याला हा विषय जवळचा वाटतो त्याने आपल्या आवडीच्या नाट्यपदाच्या दोन ओळी पाच रेषांवर सर्व खुणांसह लिहून पाहाव्यात; वाचनाचा याहून चांगला अभ्यास मला ठाऊक नाही.

गजाच्या दिशेची चिन्हेही याच वेळी पाहून घ्यावीत. खाली उघडी असलेली चौकट म्हणजे मुठीकडून टोकाकडे, आणि इंग्रजी 'व्ही' म्हणजे टोकाकडून मुठीकडे. पहिल्या दिशेत हाताचे वजन आपोआप अधिक पडते, म्हणून बाराचा पहिला ठोका, आपल्या भाषेत सम, शक्यतो त्या दिशेत येईल अशी योजना केलेली असते.

जोराच्या खुणांबद्दल थोडक्यात: स्वरावरचा आडवा टोकदार कोन आघात सांगतो, उभा कोन अधिक तीव्र आघात, आणि स्फोर्झांडो म्हणजे एकाच स्वरावर अचानक जोर. हे सर्व आजूबाजूच्या आवाजाच्या प्रमाणात असतात. हळू ओळीतला आघात फोर्टे होऊ देऊ नये.

रेंगाळणे, थांबणे, परत येणे

आपल्या भजनात लय चढत जाते आणि गजर टिपेला पोहोचल्यावर थांबते. वास्कोच्या दामोदर सप्ताहात रात्रभर बसलेल्या माणसाच्या अंगात ही चढण मुरलेली असते. लिखित पाश्चात्त्य संगीतात लय आपण होऊन चढत नाही. अॅचेलेरांडो लिहिले असेल तिथेच ती वाढते, रितार्दांडो किंवा रालेंतांडो लिहिले असेल तिथेच ती मंदावते, आणि 'आ टेम्पो' हे शब्द आले की त्याच क्षणी मूळ गतीवर परतायचे असते. परतणे हीच शिकण्याची गोष्ट आहे. मंद झालेला वादक मंदच राहतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून आरंभीच्या दोन बारांची चाल मनात गुणगुणून ती 'आ टेम्पो'च्या जागी पुन्हा आठवावी.

अर्धवर्तुळाखाली ठिपका असे फेर्माटाचे चिन्ह स्वर थांबवून धरायला सांगते. किती वेळ, हे लिहिलेले नसते. दगडी चर्चमध्ये, जुने गोवे येथील से कॅथेड्रलसारख्या उंच छताखाली, आवाज थांबल्यावरही काही काळ घुमत राहतो, तेव्हा ती घुमी विरेपर्यंत पुढचा स्वर घेऊ नये. अशाच वास्तूत स्टॅकाटो नेहमीपेक्षा आखूड आणि जलद भाग किंचित संथ घ्यावा लागतो, नाहीतर शब्द आणि सूर एकमेकांत मिसळतात.

रुबातो या शब्दाने विद्यार्थी गोंधळतात, परंतु आपल्याला तो परका नाही. नाट्यपद गाणारा शब्द मागे खेचतो, पुढे नेतो आणि समेवर नेमका येतो, तबला मात्र आपल्या जागी चालत असतो. घेतलेला वेळ परत देण्याची ही शिस्त म्हणजेच रुबातो. मांडो हे गोव्याचे कोकणी गीत म्हणणारे गायकही ओळीच्या अखेरीस असेच रेंगाळतात. मांडो सहा-चारच्या संथ चालीत असतो आणि त्यामागून येणारा दुलपद सहा-आठच्या चपळ चालीत, त्यामुळे लय कधी सैल सोडायची आणि कधी घट्ट धरायची हे त्या दोन प्रकारांत एकापाठोपाठ ऐकायला मिळते.

भावाचे शब्द आणि ते कोणी लिहिले

डोल्चे म्हणजे गोड, कांताबिले म्हणजे गात असल्यासारखे, माएस्तोझो म्हणजे भारदस्त, कॉन ब्रिओ म्हणजे जोमाने, मेस्तो म्हणजे खिन्न. शूमान यांनी असे निर्देश पुष्कळदा जर्मनमध्ये आणि देब्युसी यांनी फ्रेंचमध्ये लिहिले. शब्दाचा अर्थ कळल्यावर 'गोड वाजवू या' असे ठरवून काही साधत नाही. हाताने काय बदलायचे ते ठरवावे लागते. डोल्चेसाठी गजाचा दाब कमी करून तो थोडा बोटांच्या बाजूला सरकवावा. कांताबिलेसाठी स्वरांमधली फट मिटवावी आणि वाक्याच्या आधी खरोखर श्वास घ्यावा. माएस्तोझोसाठी प्रत्येक स्वर पूर्ण लांबीचा ठेवावा आणि लहान स्वरांत घाई करू नये.

प्रत्येक खूण संगीतकाराचीच असते असे नाही. बाख यांच्या एकट्या चेलोसाठीच्या सुइटींची (नृत्यरचनांच्या मालिकांची) त्यांच्या स्वतःच्या हातची प्रत उपलब्ध नाही. त्यांच्या पत्नी आना माग्दालेना यांनी केलेल्या प्रतीत कमानी कुठे सुरू होतात हे पुष्कळ ठिकाणी स्पष्ट दिसत नाही, आणि म्हणून छापील आवृत्त्यांमध्ये कमानी वेगवेगळ्या आहेत. चांगल्या आवृत्तीत संपादकाच्या खुणा कंसात, बारीक अक्षरात किंवा तुटक रेघेने छापतात. त्या शिक्षकाच्या सल्ल्यासारख्या असतात: आधी पाळाव्यात, पटल्या नाहीत तर कारणासह बदलाव्यात.

गोव्यात आणखी एक प्रकारची पाने हाती येतात, ती म्हणजे चर्चमधील संगीतशिक्षकांनी हाताने उतरवून ठेवलेली जुनी मोतेते. पावसाळ्याच्या दमटपणाने शाई पसरते आणि बुरशीचे डाग स्टॅकाटोच्या ठिपक्यांसारखे दिसतात. अशा पानावर एकट्या ठिपक्यावर विश्वास ठेवू नये; तीच चाल दुसऱ्या कडव्यात किंवा दुसऱ्या आवाजाच्या ओळीत कशी लिहिली आहे ते पाहावे. तिथेही ठिपका असेल तर तो खरा. या कागदांची छायाचित्रे काढून मगच त्यांवर सराव करावा आणि मूळ पानावर पेन्सिलसुद्धा लावू नये, एवढी विनंती मी आवर्जून करतो, कारण त्यांतल्या कित्येकांची दुसरी प्रत नसते.

एका सुरावरचा सराव

खुणा सुरांपासून वेगळ्या काढून त्यांचाच सराव करण्याची एक रीत मी सर्वांना देतो. समजा आठ बारांची ओळ आहे. वर अंदांते कांताबिले लिहिले आहे, आरंभी 'पी', पहिल्या दोन बारांवर एक-एक कमान, तिसऱ्या बारात चार ठिपके, चौथ्यावर टेनुटोची रेघ असलेला लांब स्वर, पाचव्यापासून क्रेशेंडो, सातव्याच्या आरंभी 'एफ', तिथूनच मिटणारा कोन आणि रितार्दांडो, आणि आठव्यावर फेर्माटा. ही संपूर्ण ओळ फक्त मोकळ्या 'ए' तारेवर वाजवावी. सूर एकच, पण लिहिलेली लय, गजाची वाटणी, ठिपक्यांची तोड, आवाजाची चढण आणि शेवटचे रेंगाळणे सर्व जसेच्या तसे. डाव्या हाताला काही काम नसल्यामुळे उजव्या हाताची प्रत्येक चूक ऐकू येते: दुसऱ्या बारात गज संपला, तिसऱ्यात ठिपक्यांनी लय पळवली, पाचव्यातच आवाज मोठा झाला.

हे फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि दुसऱ्या दिवशी स्वरपत्र समोर न ठेवता ऐकावे. कोऱ्या कागदावर जिथे वाढ ऐकू आली तिथे कोन, जिथे तोड ऐकू आली तिथे ठिपका अशा खुणा काढत जाव्यात आणि मग तो कागद मूळ पानाशी ताडून पाहावा. ज्या खुणा कोऱ्या कागदावर उमटल्या नाहीत, त्या आपल्या मनात होत्या पण वाजल्या नाहीत. तेवढ्याच जागा तिसऱ्या दिवशी घ्याव्यात, आणि त्या वाजू लागल्यावर डाव्या हाताची बोटे तारेवर ठेवून लिहिलेले सूर त्यात आणावेत.